तालमीच्या मांडवातली स्पेलिंगची कुस्ती

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्ग चिडीचूप झाला की शेजारचे गुरुजी खूश व्हायचे आणि मी मात्र उठून मागच्या बाकाकडं जायची. पोरं एवढी गप्प का, हा माझा पहिला प्रश्न. मेथी घेताना जुडी सोडून आतली पानं बघते. पाहुण्यांनी फार कौतुक केलं की त्यांचं काय काम असेल याचा विचार करत चहा ठेवते. आमचे हे म्हणतात, "देवानं स्वतः येऊन हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेईल." घेईन की. त्यात काय चुकलं?

रिटायर झाल्यावर गल्लीतल्या आयांनी पोरं आणून माझ्या सोप्यात बसवली. पहिली ते चौथीची पोरं. "बाई, जरा इंग्लिशचं बघा की हिच्या, स्पेलिंगच येत न्हाय," हे प्रत्येकीचं वाक्य. स्पेलिंग सोडून बाकीचं इंग्रजी पोराच्या डोक्यात आपोआप उतरतं अशी आमच्याकडं समजूत आहे. मी मराठी शाळेतली बाई, इंग्रजी मलाही कष्टानंच आलेलं. त्यामुळं ते कुठं अडतं ते मला ठाऊक होतं.

आपल्याकडं स्पेलिंग म्हणजे घोकणं. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. सगळा वर्ग सुरात, डोलत डोलत, घंटा होईपर्यंत. ऐकायला छान वाटतं. पण त्या सुरात खरं कुणाला येतंय आणि कोण नुसतं तोंड हलवतंय, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. माझा त्या सुरावर कधी विश्वास बसला नाही. म्हणून मी वेगळी रीत काढली. आधी पोराला बोलतं करायचं. आज रस्त्यात काय बघितलंस, घरात काय झालं, ते मराठीत भडाभडा सांगू द्यायचं आणि त्यातला एखादाच शब्द पकडून इंग्रजीत द्यायचा. ज्याच्या दारात म्हैस येऊन बसली त्याला बफेलो. जिची आई भाजली तिला बर्न. ज्याचा त्याचा शब्द असला की तो पोराच्या अंगाला चिकटतो.

आणि स्पेलिंग विचारलं की तोंड उघडायचं नाही. आधी बोटानं आपल्या मांडीवर लिहायचं, सगळं लिहून झालं की बोट टेकवून टिंब द्यायचं, मग बोलायचं. टिंब म्हणजे मला खात्री आहे. टिंब दिलं नाही तर गप्प बसायचं, त्याला शिक्षा नाही. पोरांना तो खेळ वाटायचा. मला मात्र त्यात माझा फायदा दिसत होता. शेजारच्याचं ऐकून तोंड हलवता येतं, मांडीवरचं बोट तसं हलवता येत नाही. मी पोरांच्या तोंडाकडं बघणंच सोडून दिलं होतं.

या पोरांत एक चौथीतली मुलगी होती. गल्लीच्या टोकाला घर, आज्याच्या आधीपासून तिथंच राहणारी माणसं. वडील उचगावच्या बाजूला एका गाळ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे. पोरगी काडीसारखी, फ्रॉक खांद्यावरनं घसरायचा, आणि बोलणं एवढं कमी की पहिले काही दिवस तिला ऐकू येतं की नाही हाच मला संशय. मग ती बोलायला लागली आणि मला दुसरा संशय आला. दिलेला शब्द ती दुसऱ्या दिवशी विसरायची नाही, आठवड्यानं विसरायची नाही, महिन्यानं विचारला तरी बोट, टिंब, उत्तर. असं कुठं असतं का? मी तिला एकटीला भिंतीकडं तोंड करून बसवलं. जुने शब्द उलटसुलट विचारले. घरात कुणी शिकवतं का म्हणून तिच्या आईला गाठून विचारलं. तिची आई हसली आणि म्हणाली, "आमच्यात कोण शिकवतंय बाई? ही झोपंत मांडीवर बोट फिरवती, एवढंच बघतोय आम्ही." शेवटी मी हात टेकले. पोरीला येत होतं, आणि नुसतं येत नव्हतं, कळत होतं. एका संध्याकाळी खिडकीतनं फुलपाखरू आत आलं आणि ट्यूबला धडका द्यायला लागलं, तेव्हा सगळी पोरं ओरडली. ही एकटी उठून बटण बंद करून आली आणि म्हणाली, "बाई, ह्येचा शब्द मला द्या. मी बघितलो आधी." आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, मी बघितलो, मी गेलो. तो शब्द मी तिलाच दिला.

चौथीनंतर तिच्या शाळेत दोन तुकड्या होत्या. एक साधी मराठी आणि एक सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतनं. मी तिच्या आईला सेमीचं बोलले होते. त्यावर तिचे वडील एकदा दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बाई, सेमी नगो," ते म्हणाले. "माझा इश्वास बसत न्हाय. पोपट बी बोलतोय की वो."

"पोपटाला अर्थ सांगता येत नाही. हिला येतोय."

"आठवीत माझ्या मामानं मला असंच इंग्लिशच्या वर्गात घातलं हुतं. पाठ करून करून दोन परीक्षा काढल्या. तिसऱ्यात कायबी कळंना. सर विचारायचं आणि सगळी हसायची. मग सोडलीच शाळा. पोरीचं तसं व्हाय नगो."

मला त्यांचा राग आला नाही. माझ्याच जातकुळीचा माणूस होता. स्वतः हात लावून बघितल्याशिवाय विस्तव गरम आहे हे मानायचा नाही. मी एवढंच विचारलं की खात्री कशानं पटेल. ते म्हणाले, "चार लोकांत उभी राहून सांगिटली तर बघू."

ही चार लोकांची सोय आमच्या गल्लीतल्या तालमीनंच केली. तालमीचे सेक्रेटरी म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, आता दुधाचा धंदा. गणपतीच्या आधी ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "बाई, औंदा पोरांची स्पेलिंगची कुस्ती लावायची. तुम्ही पंच."

मी आधी त्यांच्याकडं आणि मग त्यांच्या हातातल्या पेढ्याच्या पुड्याकडं बघितलं. महापालिकेच्या निवडणुकीची हवा तापलेली होती. बॅनरवर कुणाचा फोटो टाकणार, हे मी स्पष्टच विचारलं.

"गणपतीचा," ते म्हणाले. "तुम्ही पण ना बाई!"

तरी मी बॅनर छापून आल्यावर जाऊन बघून आले. गणपतीचाच होता, कोपऱ्यात बाकीचेही होते, पण बारीक.

नियम आम्ही दोघांनी मिळून ठरवले. दोन पोरं समोरासमोर उभी करायची. एकानं शब्द टाकायचा आणि त्याचा मराठी अर्थ सांगायचा, दुसऱ्यानं स्पेलिंग सांगायचं. मग उलट. ज्याला येणार नाही तो पडला. बक्षिसाला गदा, फळीची, वर चंदेरी कागद. गट इयत्तेप्रमाणं पाडा, हे मी तीन-तीनदा सांगितलं आणि त्यांनी प्रत्येक वेळी मान हलवली. ती मान बघूनच मला शंका यायला हवी होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर मांडवात वजनकाटा मांडलेला. पोरं चपला काढून रांगेत उभी. एक तरणा पैलवान एकेकाला काट्यावर चढवून मोठ्यानं वजन पुकारत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गट पाडतोय की," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, इयत्तेप्रमाणं ठरलं होतं ना?"

"बाई, इयत्तेचं काय सांगताय? एकाच वर्गात एक पोरगं एवढं आणि एक तेवढं असतंय." त्यांनी हातानं दाखवलं. "जोड बरोबरीचा लागतो. उद्या लोकं म्हणतील, हलक्या पोरावर जड पोरगं घातलं. तालमीला नाव ठेवून घ्यायचं न्हाय आपल्याला."

स्पेलिंगला वजन लागत नाही हे मी त्यांना समजावून सांगत होते आणि ते माझं समजूतदारपणे, एखाद्या बाईमाणसाला फडातलं काय कळणार अशा मायेनं, ऐकत होते. शेवटी दोन गट पडले. हलका आणि जड. आणि मग जो काही गोंधळ उडाला! हलक्या गटात बारकी पोरं असणार म्हणजे तिथं जिंकणं सोपं, हे कुणा एका आईच्या डोक्यात आलं आणि तिनं पोराला जीन काढून चड्डी घालायला घरी पिटाळलं. दुसरीनं पोराच्या हातातली केळी काढून घेतली. तिसरी शेजारणीवर ओरडायला लागली की हिनं पोरगं मुद्दाम उपाशी आणलंय. आमच्या सूनबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आई, बेल्ट काढला तर बसेल का हो हलक्यात?" आमचा नातू तिसरीला, इंग्लिश मीडियममध्ये, माझ्या सोप्यात बसून बोट आणि टिंब उचललेला, आणि घरचं तूप अंगी लागलेला. तो बेल्टच काय, दप्तर आणि बूट सगळं उतरवूनही जडातच गेला असता. गेलाच.

आणि ती चौथीतली पोरगी, काडीसारखी, पहिलीच्या पोरांबरोबर हलक्या गटात आली.

"चौथीची पोरगी पहिलीच्यांत? वजन चोरलंय का वय चोरलंय?" बायका कडाडल्या.

"काटा खोटं बोलत न्हाय," सेक्रेटरींनी निकाल दिला. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

संध्याकाळी मांडव भरला. मी माइक घेऊन टेबलाशी. बाजूला हलगीवाला, कुणी पडलं की तडातडा वाजवायचा. पुढच्या ओळीत खुर्च्यांवर म्हातारी माणसं, त्यात आमचे हे. पोरांना त्यांची भारी ओढ, कारण चेष्टा करण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. मधल्या चहाच्या वेळी त्यांच्याभोवती पोरांचा गराडा पडलेला मी बघितला होता. मुलीचे वडील मात्र सगळ्यात मागं, मांडवाच्या बांबूला टेकून उभे. कामावरनं तसेच आलेले, कपड्यांना धाग्यांचे तुकडे चिकटलेले.

हलक्या गटात ती पोरगी एकेकाला पाडत गेली. पहिलीतलं एक पोरगं रडायला लागल्यावर तिनं फ्रॉकच्या घेरानं त्याचं नाक पुसलं. जड गटात आमचा नातू निघाला. झालं. दोन्ही गटांतल्या पहिल्यांची अंतिम कुस्ती, म्हणजे माझ्या क्लासमधली पोरगी आणि माझा नातू. मागं कुजबुज सुरू झाली आणि माझे कान अशा बाबतीत तिखट आहेत. "पंच बी त्यांचा, पैलवान बी त्यांचा. गदा बाईंच्या शोकेसमध्ये जाणार बघ." हे लोक काय म्हणताहेत ते मला कळत होतं, कारण मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

दोघं समोरासमोर उभी राहिली. तिनं शब्द टाकला, त्यानं सांगितला. त्यानं टाकला, तिनं सांगितला. बराच वेळ कुणी पडेना. मांडव तापला, प्रत्येक उत्तराला शिट्ट्या. मी मागं बघितलं तर तिचे वडील बांबूपासून सुटून दोन पावलं पुढं आलेले. मग नातवानं शब्द टाकला.

"बटरफ्लाय. बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू."

माझा जीव भांड्यात पडला. हा तिचा स्वतःचा शब्द होता. मी सवयीनं तिच्या हाताकडं बघितलं. बोट फ्रॉकवर फिरलं, न अडखळता, शेवटपर्यंत. बोट टेकलं. टिंब.

मग तिनं मान वर केली, पुढच्या ओळीकडं एक नजर टाकली आणि खाली बघत म्हणाली, "येत न्हाय."

हलगी तडतडली. सेक्रेटरींनी नातवाला खांद्यावर घेतलं, गदा त्याच्या हातात दिली, गुलाल उडाला. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. सूनबाई फोनवर फोटो काढत होत्या. मागं बघते तर तिचे वडील वळलेले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट आपलं बरोबर निघालं की माणूस जसा थकून दिसतो तसं काहीतरी होतं. ते निघाले होते, आणि ते एकदा मांडवाबाहेर गेले असते तर सेमीचा विषय कायमचा मिटला असता.

मी माइक उचलला. "थांबा सगळे. ही नुरा कुस्ती झाली."

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली. कोल्हापुरात माणसाला चोर म्हणालात तर तो एकवेळ ऐकून घेईल. तालमीत उभं राहून नुरा म्हणणं म्हणजे तिच्या तांबड्या मातीवर थुंकण्यासारखं आहे. हलगी बंद पडली. सेक्रेटरींनी नातवाला खाली उतरवलं.

"बाई, शब्द मागं घ्या," ते म्हणाले. "ह्या तालमीत आजवर नुरा झाली न्हाय."

"आत्ता झाली. तुमच्या डोळ्यांदेखत झाली. पोरीला येत होतं आणि ती मुद्दाम पडली. कुणी पाडलं ते मला कळलं पाहिजे."

आणि मी एकेकाला धरलं. आधी सूनबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथंच कळलं, ह्या नव्हेत. मग नातवाला विचारलं, "तिला काय दिलंस? खरं सांग."

"काही नाही आज्जी, शप्पथ," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

सेक्रेटरींवरही माझा वहीम होताच. पंचाचा नातू जिंकला म्हणजे पंच पुढच्या वर्षीही फुकटात येणार, असा हिशेब त्यांनी केला असेल असं मला वाटून गेलं. शेवटी मी त्या पोरीसमोर खाली बसले. माइक बाजूला ठेवायचं भान मला राहिलं नाही.

"तुला येत होतं. टिंब दिलंस तू. मग येत नाही का म्हणालीस?"

तिनं फ्रॉकची कड मुठीत धरली आणि म्हणाली, "आजोबा म्हणालते."

"कुठले आजोबा?"

तिनं बोट दाखवलं. सगळ्या माना पुढच्या ओळीकडं वळल्या. आमचे हे, हातात चहाचा कागदी कप, तोंड उघडं.

"ते म्हणालते, आमच्या पैलवानाला आज चितपट करू नगो, न्हायतर बाई मला घरात जेवाय घालायच्या न्हाईत," ती माइकमध्ये, अगदी स्पष्ट म्हणाली. "मग आजोबा उपाशी ऱ्हातील की."

मांडव असा हसला की कनात हलली. मागनं कुणीतरी बाई ओरडली, "बाई, घाला की वो त्यास्नी जेवाय!" हे उठून उभे राहिले आणि पोरीसारखंच खाली बघत म्हणाले, "अगं, चेष्टा केली गं बाळा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्मभर सगळ्या जगावर संशय घेतला आणि ज्यांच्यावर एकदाही घेतला नाही ते नेमके हे निघाले. मला त्यांचा राग आला, हसणाऱ्या लोकांचा आला आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की पोरीला ते खरं वाटलं. मी यांना उपाशी ठेवीन हे तिला सहज पटलं होतं, आणि त्यापायी तिनं स्वतःचं सेमी पणाला लावलं होतं. मला खरंच रडू आलं. मी चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात तिचे वडील गर्दीतनं पुढं आले. ते हसत नव्हते.

"म्हंजे तिला येत हुतं?" त्यांनी मला विचारलं.

"येत होतं."

"कशावरनं?"

मी त्यांना बोटाचं आणि टिंबाचं सांगितलं. त्यांनी ते सगळं, मी भाजीवाल्याचं ऐकते तसं ऐकलं.

"ते तुम्हाला दिसलं. मला न्हाय दिसलं," ते म्हणाले.

पोरीनं लगेच ते फुलपाखराचं स्पेलिंग घडाघडा सांगितलं. त्यांनी मान हलवली. "ह्ये तर आत्ता आईकलेलं. पाठ असंल." मग त्यांनी आपल्या बाहीला चिकटलेला एक धागा काढला, रेक्झीन शिवायचा जाड काळा धागा, आणि चिमटीत धरून तिच्यासमोर केला. "ह्येला काय म्हणत्यात? लिवून सांग."

धाग्याचा शब्द मी क्लासमध्ये कधी घेतलाय का, ते मला आठवेना. पोरगी धाग्याकडं बघत राहिली. मग तिचं बोट फ्रॉकवर फिरायला लागलं, सावकाश, मध्ये एकदा थांबलं, परत सुरू झालं. टिंब. आणि ती बोलली.

"थ्रेड." आणि स्पेलिंग.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

ते हलले नाहीत. "तुम्ही तिच्या बाई. तुम्ही बरोबरच म्हणणार." त्यांनी सेक्रेटरींकडं बघितलं. सेक्रेटरींनी दोन्ही हात वर केले, त्यांचं इंग्रजी दुधाच्या फॅटपलीकडं गेलेलं नव्हतं. मग त्यांची नजर आमच्या नातवावर थांबली. तो गदा पोटाशी धरून उभा होता, गाल गुलालानं आणि रडण्यानं चिकट झालेले.

"तू सांग, बाळा," ते त्याच्यासमोर वाकून म्हणाले. "तू तिच्या विरुद्धचा. बरोबर सांगिटली का चूक?"

नातवाला सगळं कळलेलं होतं. बरोबर म्हटलं तर गदा जाणार, एवढं तिसरीतल्या पोराला कळतं. त्यानं गदेकडं बघितलं. मग आईकडं. सूनबाईंनी फोन खाली केला होता. आणि त्या क्षणी मला माझ्या रक्ताच्या नातवाचा संशय आला, तोही असा तसा नाही. हा आता चूक म्हणणार, अशी माझी पक्की खात्री झाली. मी त्याला खोटं पाडायला तोंड उघडून तयार होते. त्याचा मोकळा हात चड्डीवर आला, बोट फिरलं, तिनं सांगितलेलं त्यानं एकदा स्वतः लिहून बघितलं आणि टिंब दिलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. त्याच्या आईनं त्याला कधी हाय म्हणू दिलेलं नव्हतं.

वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, घालतो सेमीला." मला तोंड मिटायलाही थोडा वेळ लागला.

मग गदेचं काय करायचं यावरनं सेक्रेटरी आणि लोकांत वाद पेटला. कुस्ती परत लावा म्हणणारे, बरोबरीत सोडवा म्हणणारे, सगळे एकदम बोलायला लागले. त्या पोरीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती वडिलांसमोर उभी होती, मान मागं टाकून त्यांच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत. माणूस आपली समजूत काढतोय की खरं बोलतोय, हे शोधताना मी पोरांकडं बघते ना, अगदी तसं.

"सच्ची, अब्बा?" तिनं हळूच विचारलं, लोकांत बोलायच्या मराठीत नाही, घरातल्या बोलीत.

ते खाली बसले, तिच्या उंचीला आले. चिमटीतला धागा अजून त्यांच्या हातात होता.

"सच्ची, बेटा," ते म्हणाले.

ती तरीही बघत राहिली. खूप वेळ बघून झाल्यावर तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले.